आबा, बैरूत आणि नऊ मात्रा

"बैरूत म्हणजे लेबनॉनमधलं ना रे? मग आपण सर्बियाला कशाला चाललोय?"

म्युनिकच्या विमानतळावर आबांनी विचारलेला हा प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर द्यायला विमान सुटेपर्यंतचा सगळा वेळ लागला.

तर झालं असं. २००७ साली पुण्यात हॉस्टेलवर असताना एका मित्राच्या पेनड्राइव्हमधून 'गुलाग ऑर्केस्टार' नावाचा अल्बम माझ्याकडे आला. बँडचं नाव बैरूत, आणि बँड म्हणजे मुळात एकच पोरगा, झॅक कॉन्डन. जन्म १९८६चा, गाव अमेरिकेत न्यू मेक्सिकोतलं सांता फे. शाळा अर्धवट सोडून तो युरोपात भटकायला गेला आणि बाल्कन देशांतल्या ब्रास बँडचं संगीत डोक्यात घेऊन परतला. मग घरी खोलीत बसून त्याने ट्रंपेट, युकुलेले, अकॉर्डियन असं बरंचसं स्वतःच वाजवलं आणि एकावर एक थर चढवत गेला. जेरेमी बार्न्स आणि हेदर ट्रॉस्ट या 'अ हॉक अँड अ हॅकसॉ' नावाच्या बँडमधल्या दोघांनी ताल आणि व्हायोलिनला हात लावला. २००६ साली अल्बम आला तेव्हा कॉन्डन वीस वर्षांचा होता, आवाज मात्र साठीचा. मी ते वर्षभर ऐकलं. नंतर कधीतरी लक्षात आलं, की गाण्यांच्या नावांत ब्रातिस्लावा आहे, ब्रांडेनबुर्ग आहे, ऱ्हाइनलँड आहे, इटलीसुद्धा आहे, पण बाल्कनमधलं एकही गाव नाही!

मला ते बाल्कनमधलं, ब्रास बँडांचं गाव बघायचं होतं, म्हणून सर्बिया. आबा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे जर्मनीत आले होते. वय ७१, गळ्यात तुळशीची माळ, कराडजवळच्या आमच्या गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज. "बँडच बघायचाय तर चल," म्हणाले.

व्हिसाचं एवढंच सांगतो, कारण इथे लोक फसतात. भारतीय पासपोर्टवर वैध शेंगेन व्हिसा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) असला तर सर्बियात वेगळा व्हिसा न काढता जाता येतं. पण सर्बिया शेंगेनच्या बाहेर आहे, त्यामुळे तुमचा शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. नाहीतर जाल सुखाने आणि परत यायला दार बंद. नियम बदलत असतात, निघण्याआधी एकदा तपासा.

दिवस पहिला : बेलग्रेड

बेलग्रेडला उतरलो तेव्हा सदतीस अंश तापमान होतं. आबा खूश. "हे आपल्यासारखं आहे, तुझ्या म्युनिकसारखं गारठलेलं नाही." संध्याकाळी कालेमेग्दान किल्ल्यावर गेलो. खाली सावा नदी डॅन्यूबला मिळते. आबांनी नकळत हात जोडले. संगम म्हटल्यावर कराडचा माणूस दुसरं काय करणार? आमच्याकडे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, इथे सावा जरा आडून येते, एवढाच फरक.

खरी चिंता जेवणाची होती. त्यात श्रावण. सर्बियात कफानात, म्हणजे त्यांच्या जुन्या पद्धतीच्या खानावळीत, बसलं की आधी मांस येतं आणि मग गप्पा सुरू होतात. पण वेटरने आबांची माळ पाहिली, काय समजला कुणास ठाऊक, आणि विचारलं, "पोस्नो?" हा शब्द पाठ करून ठेवा. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचं उपवासाचं जेवण म्हणजे पोस्नो. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. बुधवार-शुक्रवार बरेच जण पाळतात, आणि १४ ते २७ ऑगस्ट त्यांचा मोठा उपवास असतो, म्हणजे जवळजवळ आमच्या श्रावणाच्या गळ्यात गळा. एकच सापळा आहे : त्यांच्या बऱ्याच उपवासांना मासा चालतो. म्हणून लगेच जोडायचं, "बेझ रिबे", माशाशिवाय. मग प्रेब्रानात्स येतं, म्हणजे कांद्यात मुरवून भट्टीत भाजलेला पांढरा घेवडा. सोबत आयवार, म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी. तिखट नसते, गोडसर असते. आबांनी बॅगेतून कांदालसणाचा डबा काढला, आयवारवर चिमूटभर भुरभुरवला आणि वेटरलाही चाखवला. त्यानंतर आमच्या टेबलाला पाव कमी पडला नाही.

दिवस दुसरा : गुचा

बेलग्रेडहून चाचाक, तिथून वीसेक किलोमीटरवर गुचा. द्रागाचेवो नावाच्या डोंगराळ भागातलं हे एवढंसं गाव, दोनेक हजार वस्तीचं. ऑगस्टमध्ये ट्रंपेटचा मेळा भरला की लाखांनी माणसं येतात.

गाव दिसायच्या आधी ऐकू येतं. बसच्या खिडकीतून आधी नुसता ढोल आला, मग हेलिकॉनची घुमघुम. अजगरासारखा अंगाभोवती गुंडाळून घ्यायचा तो मोठा पितळी बास. मग एकदम चार-पाच ट्रंपेट किंचाळले. उतरलो तर रस्त्यावर एकाच वेळी तीन बँड, तीन वेगळ्या चाली, मध्ये दहा पावलांचंही अंतर नाही. आबा थबकले. "अरे, ही तर आपल्या गावातली लग्नतिथी दाट असलेली दुपार झाली."

आणि मग त्यांना ते दिसलं. एक घामाघूम माणूस टेबलावर चढून नाचत होता. त्याने खिशातून नोट काढली, थुंकी लावली आणि ट्रंपेटवाल्याच्या कपाळावर चिकटवली. वाजवणाऱ्याने गाल तसूभरही न हलवता डोळ्यांनीच आभार मानले. दुसऱ्याने नोट थेट हेलिकॉनच्या तोंडात टाकली. आबा हसत हसत बाकावर बसले. "आपल्याकडे नवऱ्यावरून ओवाळून टाकतात, इथे थेट कारागिराच्या कपाळाला. हे बरंय. मधला नवरदेव वगळला."

हा मेळा सुरू झाला १९६१च्या ऑक्टोबरमध्ये, गावातल्या चर्चच्या अंगणात, अवघ्या चार बँडांवर. त्याच्या मागे मात्र जुना इतिहास आहे. १८३१ साली सर्बियाचा तेव्हाचा राज्यकर्ता मिलोश ओब्रेनोविचने क्रागुयेवात्सला सर्बियातला पहिला लष्करी बँड उभा केला, योसिफ श्लेझिंगर नावाच्या वादकाच्या हाती देऊन. फौजेतून सुटलेली माणसं वाद्यं आणि चाली घेऊन गावी आली आणि ते लग्नात, बारशात, पोराला सैन्यात पाठवताना, अगदी प्रेतयात्रेतही वाजू लागलं. आमच्याकडे इंग्रजांच्या पलटणीतून क्लॅरिनेट आणि ट्रंपेट वरातीत आले, त्याच वाटेने.

एक गोष्ट मला तिथे जाऊन कळली. हे ज्याला 'त्रुबा' म्हणतात ते बहुतेक वेळा आपण समजतो तो ट्रंपेट नसतोच. तो फ्लूगलहॉर्न असतो, नळी हळूहळू रुंदावत जाणारी, म्हणून आवाजाला गोलाई आणि किंचित दुखरेपणा. कॉन्डनही फ्लूगलहॉर्न वाजवतो. म्हणजे वाद्य त्याने नेमकं उचललं होतं.

राहण्याचं : गावातली घरंच खोल्या भाड्याने देतात. आम्ही आगाऊ घेतलेली खोली ऐनवेळी दुसऱ्या कुणाला दिलेली निघाली. घरमालकिणीने आबांचं वय पाहून आम्हाला स्वतःची खोली दिली आणि ती माडीवर गेली. रात्री अडीचपर्यंत खिडकीखाली बँड होता. झोपेची खात्री हवी असेल तर मुक्काम चाचाकला करा. पण मग कशाला जायचं?

दिवस तिसरा : दगड, पाऊस, चोचेक

सकाळी गाव झोपलेलं असताना आम्ही चालत निघालो. द्रागाचेवोत रस्त्याच्या कडेला उभे कोरीव दगड दिसतात, 'क्रायपुताशी', म्हणजे वाटेकडेचे. दूरच्या लढाईत मेलेल्या सैनिकांचे. देह घरी आला नाही, म्हणून दगड कबरस्तानात न लावता वाटेवर लावला, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावा म्हणून. वर सैनिक कोरलेला, गणवेशाची बटणं मोजता येतील असा, आणि एकेकाळी रंगवलेला. आबा एका दगडापुढे बराच वेळ उभे राहिले. "वीरगळ," एवढंच म्हणाले. आमच्या गावच्या देवळामागे दोन आहेत, लहानपणी त्यांवर बसून आम्ही चिंचा खायचो.

गावात परतल्यावर मात्र दुकानांच्या रांगेत 'शायकाचा' नावाच्या सर्बियन टोप्या आणि पितळी चावीच्या साखळ्यांच्या शेजारी युद्धगुन्ह्यांत शिक्षा झालेल्या सेनापतींच्या चेहऱ्यांचे टी-शर्ट टांगलेले होते. इतकं सुरेल गाव आणि हे. मी आबांना सांगितलं ते कोण आहेत. त्यांनी टोपीसुद्धा घेतली नाही मग.

दुपारी स्पर्धा. कान सरावला की तीन जाती ओळखू येतात. पश्चिमेकडचे, म्हणजे इथलेच, कोलो वाजवतात. सरळ, टाचा आपटत गोल नाचायचं, लष्कराची शिस्त अजून अंगात. पूर्वेकडच्यांवर तिथल्या व्लाख नावाच्या समाजाच्या चपळ चालींची छाप. आणि दक्षिणेकडचे, व्रान्ये भागातले, बहुतेक रोमा, म्हणजे बाहेरचे ज्यांना 'जिप्सी' म्हणतात ते. तो भाग १८७८पर्यंत तुर्कांच्या ताब्यात होता आणि ते सुरांत ऐकू येतं. स्वर घसरतात, वळसे घेतात आणि ताल सरळ चालत नाही. त्याच भागातल्या व्लादिचिन हान गावचा ट्रंपेटवाला बोबान मार्कोविच इथे इतक्यांदा जिंकला, की शेवटी त्याने स्पर्धेत उतरणंच सोडलं.

पाचच्या सुमारास आभाळ फुटलं. पळत एका जेवणाच्या तंबूत शिरलो. आत मातीच्या हंड्यांत कोबी शिजत होता, 'स्वादबार्स्की कुपुस', लग्नातला कोबी. आबांनी आशेने पाहिलं. मी मान हलवली, तळाशी डुक्कर. आमच्याबरोबर दक्षिणेकडचा एक आख्खा बँडही तंबूत अडकला. अकरा माणसं, ओले शर्ट. पाचेक मिनिटं गप्प राहिले. मग ढोलवाल्याला राहवेना.

चोचेक सुरू झाला, म्हणजे दक्षिणेकडच्या रोमांची नाचाची चाल. मी 'बैरूत'वर पोसलेला माणूस, मला वाटलं होतं हे संगीत ओळखीचं आहे. पायच पडेना. आबा मात्र डोळे मिटून टेबलावर बोटं चालवत होते. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा धरलं. "नऊ आहेत. दोन, दोन, दोन, तीन. तक-तक-तक-तकिट. शेवटच्याला लंगडतोय बघ, मुद्दाम." आणि उजव्या हाताने टेबलावर, डाव्या हाताने रिकाम्या प्लास्टिकच्या पिंपावर त्यांनी ठेका धरला. ढोलवाल्याने मान वळवली. वेग वाढवला. आबांनीही वाढवला. तंबूबाहेर चिखल, पत्र्यावर पाऊस, आणि आत सर्बियन डोंगरातल्या पिंपावर कराडचा पखवाज. मला व्हिडिओ काढायचं सुचलंच नाही, ते अजून बोलून दाखवतात.

पाऊस थांबल्यावर ढोलवाल्याचा पुतण्या आला. तो काही वर्षं व्हिएन्नात कामाला होता, त्यामुळे आमचं जर्मनवर जमलं. "काका म्हणतायत, म्हाताऱ्याला घेऊन व्रान्येला या."

दिवस चौथा

गुचा ते व्रान्ये म्हणजे देशाच्या पश्चिमेकडून दक्षिण टोकाला. एक बस चुकली, एक तापली, नीशला साडेतीन तास बाकावर. आबांनी हरिपाठ पूर्ण केला. इतकंच. ज्यांना जमेल त्यांनी गाडी भाड्याने घ्या, आणि रोख दिनार जवळ ठेवा. एका युरोला साधारण ११७ येतात, छोट्या गावांत कार्डाचा भरवसा धरू नका.

दिवस पाचवा : व्रान्ये

रोमा वस्ती गावाच्या वरच्या अंगाला आहे, गोर्न्या चार्शिया. चढाचा रस्ता, द्राक्षाचे मांडव, वाळत घातलेल्या लाल मिरच्या. एका घरातून ट्रंपेटचा रियाज, दोन घरं सोडून तोच तुकडा कुणीतरी लहान पोर चुकत वाजवतंय. ढोलवाले काका दारात उभेच होते. पुतण्याने आधीच एक सूचना दिली : रस्त्यात लोक 'त्सिगानी' म्हणतात तो शब्द वापरू नका. रोम म्हणा.

कॉफी आली, तुर्की पद्धतीची, तळाशी गाळ राहणारी. आबा कॉफी पीत नाहीत. काका आत वळून ओरडले, "पानी!"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

पाणीच आलं. पुढचा तासभर ट्रंपेट बाजूला राहिला. आबांनी नाकाला हात लावला : नाक. काका : नाक. कानाला : कान. केसांना आबा केस म्हणाले, काका बाल. मिठाला लोन. "अरे, लोणचं!" आबा ओरडले. माणसाला मनुश. मग आकडे. येख, दुय, त्रिन, श्टार, पांज, शोव. आबा प्रत्येक आकड्याला मान डोलावत होते. पुढे काका म्हणाले : एफ्ता, ओख्तो, एन्या. आबांचं बोट हवेतच थांबलं. हे तीन आकडे ग्रीक आहेत. हजारेक वर्षांपूर्वी यांचे पूर्वज भारतातून निघाले, बऱ्याच पिढ्या ग्रीक बोलणाऱ्या मुलखात राहिले, आणि सात, आठ, नऊ तिथले घेऊन पुढे आले. दहाला परत देश, विसाला बिश.

"म्हणजे सहापर्यंत आपले," आबा म्हणाले, "आणि नेमके सात आणि नऊ परके. आणि ताल वाजवतात सातात आणि नऊतच." पुतण्याने हे भाषांतरित केल्यावर काका इतके हसले की बायको बाहेर येऊन बघून गेली.

शेवटी मी ज्यासाठी आलो होतो ते केलं. फोनवर 'गुलाग ऑर्केस्टार' लावला. शीर्षकगीत, मग आणखी दोन. काकांनी फोन कानाशी धरून लक्ष देऊन ऐकलं. व्यावसायिक माणूस, तोंडावर काही दाखवत नाही.

"सूर चांगला लावतो," ते म्हणाले. "कुठल्या गावचा बँड?"

सांगितलं : बँड नाही. एकच मुलगा. खोलीत बसून, एकेक वाद्य स्वतः वाजवून.

हे त्यांना काही केल्या पटेना. पुतण्याने दोनदा समजावलं. त्यांच्या बँडमध्ये दोन भाऊ, तीन मुलगे, एक जावई आणि बाकी चुलते-पुतणे. हेलिकॉन त्यांच्या वडिलांचा. "एकटाच?" त्यांनी पुन्हा विचारलं. "मग नाचलं कोण?"

मी गप्प बसलो. त्या अल्बमवर मी कधीच नाचलेलो नाही. कुणीच नाचत नसावं. तो हेडफोन घालून, खिडकीबाहेर बघत ऐकायचा. ज्या आवाजाला इथे अकरा माणसं आणि एक लग्न लागतं, तो एका पोराने एकटेपणासाठी वापरला, आणि माझ्यासारख्या हॉस्टेलातल्या हजारोंना तो नेमका तसाच हवा होता. मला त्यात लबाडी वाटत नाही. कॉन्डनने आपण बाल्कनचे असल्याचा दावाही केला नाही. पुढच्याच वर्षीच्या अल्बममध्ये तो फ्रेंच गाण्यांकडे वळला, नंतर मेक्सिकोत ओहाकाच्या बँडबरोबर वाजवून आला. बार्न्स आणि ट्रॉस्टची तऱ्हा निराळी. ते रोमानियातल्या फानफारे चोकर्लियासारख्या गावातल्या बँडबरोबर वाजवायला बसले, नंतर बुडापेस्टच्या वादकांबरोबरही. मला स्वतःला आता त्यांचं काम जास्त आवडतं. पण पेनड्राइव्हमध्ये आधी ते आलं असतं, तर मी व्रान्येपर्यंत पोचलो असतो असं वाटत नाही.

काकांनी फोन परत दिला. "तुमच्याकडे लग्नात पितळ वाजतं म्हणे. ऐकव."

फोनमध्ये नव्हतं. पुतण्या म्हणाला, तुझ्या लग्नातलं चालेल. आबा माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "सांग त्यांना. याने बँड नको म्हणून सांगितलं होतं. कर्कश वाटतो म्हणाला." मी भाषांतर केलं नाही. पण 'बँड'ला सर्बियनमध्येही जुना शब्द 'बांदा' आहे, आणि 'नको' हाताने सांगता येतं. काकांना समजलं.

मग त्यांनी भिंतीवरचा ढोल उतरवला आणि आबांपुढे ठेवला. शेजारून ट्रंपेट आला, मागोमाग दुसरा, ते चुकणारं पोरही आलं. संध्याकाळी लीक घातलेली पिटा, भाजलेल्या मिरच्या, प्रोया, म्हणजे मक्याचा पाव. आबांसाठी सगळं पोस्नो, न सांगता. मी निघताना पैसे देऊ लागलो तर पुतण्याने हात धरला. आबांनी मात्र दोनशे दिनारची नोट काढली, जिभेवर टेकवली आणि त्या पोराच्या कपाळावर चिकटवली. हे चाललं.

परतल्यावर

हे होऊन चार महिने झाले. आबा गावी गेले. मार्गशीर्षात आमच्या शेजारच्या लग्नाला बँड होता, त्यांनी पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करून मला पाठवलं, मी व्रान्येला. दोन दिवसांनी पुतण्याचा निरोप आला : "काकांनी चारदा ऐकलं. क्लॅरिनेटवाला फार चांगला आहे म्हणाले. पण विचारतायत, हेलिकॉन कुठे आहे? बासशिवाय नवरी घरी नेता कशी?"

मी आबांना फोन लावून विचारलं.

"होता की. सुपारी कमी दिली म्हणून तो घरीच ठेवला," आबा म्हणाले. "पण हे त्यांना नको सांगू."